कडू लागतंय का?

तुळसाआत्यानं सगुणावहिनीच्या तोंडात कडुलिंबाचा पाला घातला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि मला बघायला येणारे पाहुणे दहाला पोचणार होते.

"चाव. नीट चाव. आन खरं सांग, कडू लागतंय का?"

वहिनी चुलीपुढं पाटावर बसली होती. उजवा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. शेणी काढायला हुडव्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगात, हात घातला आणि काहीतरी टोचलं, एवढंच ती सांगत होती. करंगळीच्या खाली दोन बारीक ठिपके होते, तेही उजेडात धरून बघितले तर दिसायचे. सूज नाही, रक्त नाही, आग नाही. आबांनी काठीनं शेण्यांचा सगळा हुडवा उसकटला, तर आत एक उंदराचं बीळ तेवढं सापडलं.

"उंदीरच आसंल," दादा म्हणाला.

"आसंल," आबा म्हणाले.

असल्या 'आसंल'वर भागवणारी आत्या नव्हती. आमच्या भागात तेव्हा एक पारख होती. किरडू, म्हणजे साप, चावल्याचा संशय आला की माणसाला लिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर काही नाही, कामाला लागा. गोड लागला किंवा नुसताच गवतासारखा लागला, तर विष भिनलं म्हणायचं आणि गाडी जुंपायची. आत्यानं परड्यातल्या लिंबाचा जून पाला ओरबाडून आणला होता, कारण कोवळ्या पाल्याचा कडूपणा तिला भरवशाचा वाटत नसे.

वहिनीनं पाला सावकाश चावला, गिळला आणि म्हणाली, "लागतंय की, आत्याबाई. कडूजार हाय."

आत्यानं इतका वेळ धरलेला श्वास सोडला. मग फडताळातला डबा काढून तिनं खडीसाखरेचा एक खडा वहिनीच्या तळहातावर ठेवला.

दादा हसला. "आज तोंड वाकडं केलं न्हाई बघ हिनं. दोन वर्सांत पहिल्यांदा. शिकली की गं आत्ये तुझी सून!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

त्या हसण्याचं कारण कळायचं तर आत्याचं कडू प्रकरण सांगायला हवं. मी सहा वर्षांची असताना आई गेली. आत्या त्याआधीच विधवा होऊन माहेरी आली होती, तिनं आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, आणि तिनं आम्हाला दुधाइतकाच काढाही पाजला असेल. ताप आला की गुळवेल. खोकला झाला की अडुळसा. पोट बिघडलं की कुड्याची साल. अंगाला खाज सुटली की कडुलिंबाचा रस, वरून आणि आतूनही. आणि काहीच होत नसलं तरी दर अमावास्येला काडेचिराईत होतंच, कारण आत्याच्या मते काहीच होत नाही हेसुद्धा एक लक्षण होतं. रात्री भिजत घातलेल्या काड्यांचं ते काळपट पाणी पितळी फुलपात्रातून सगळ्यांना मिळे. आबासुद्धा त्यातून सुटत नसत. पिऊन झालं की खडीसाखरेचा एक खडा. गावातल्या बायकाही लेकरं घेऊन आत्याकडं यायच्या, आणि आत्याच्या हातानं बरं वाटलं असं म्हणत जायच्या. ते खोटं नव्हतं. पुष्कळांना वाटायचंच.

घरात एक नेमही होता. तोंड वाकडं करायचं नाही. "औषिदाला नाक मुरडलं की औषिद रुसतं," असं आत्या म्हणायची. मी आणि दादा लहानपणापासून पटाईत झालो होतो. पण सगुणावहिनी लग्न होऊन आली आणि तिच्या पहिल्याच अमावास्येला आमच्या घरात हसून हसून लोळायची पाळी आली. फुलपात्र ओठाला लागायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे, नाक वर चढायचं, मान खांद्यात जायची, आणि घोट गिळल्यावर सगळं अंग असं शहारायचं की हातातल्या बांगड्या वाजायच्या. खडीसाखर ती आधीच डाव्या मुठीत मागून घ्यायची. घोट उतरला न उतरला की खडा तोंडात.

"कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच," दादा तिला चिडवायचा.

"तुमच्या घरात सगळंच कडू, तुमच्यासकट," ती म्हणायची, आणि आत्या पदराआड हसायची. आत्याला हसवणारं माणूस त्या घरात तिच्याआधी कुणी नव्हतं.

तर अशा वहिनीनं त्या सकाळी मूठभर जून पाला खाल्ला आणि तिची भुवईसुद्धा हलली नाही. खडीसाखरेचा खडा तिनं तोंडात टाकला नाही. पदराच्या टोकाला बांधला आणि पुरणाची डाळ शिजत घातली.

मला तेविसावं लागलं होतं. त्या काळी आमच्याकडं तेवीस म्हणजे घोडनवरी. दोन ठिकाणं मोडली होती. पहिल्यांदा मुलाकडचे बघून गेले आणि त्यांच्या वाटेत बैलगाडीचा आख मोडला. दुसऱ्यांदा त्यांच्या घरातलं म्हातारं त्याच आठवड्यात गेलं. माझा यात काय दोष होता ते मला अजून कळलेलं नाही, पण गावात कुजबूज सुरू झाली होती की तुळसाबाईच्या भाचीचा पायगुण ठीक नाही. तिसरं ठिकाण चांगलं होतं. मुलगा शिकलेला, सोसायटीत नोकरीला, मामाची जीप स्वतः चालवत येणार. आबा आठ दिवस झोपले नव्हते. दारात पाहुणे आणि घरात किरडू चावलेलं माणूस, असं झालं असतं तर ते उंबऱ्यावरूनच मागं फिरले असते, आणि चौथं कुणी आलं नसतं. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि वहिनीला सगळ्यांत जास्त. माझ्यासाठी लुगडं तिनंच काढून ठेवलं होतं, तिचं स्वतःचं, लग्नातलं.

जीप दहाला आली. गावातली निम्मी पोरं तिच्यामागं पळत आली. मुलगा, त्याचा मामा, मामी आणि एक म्हातारी चुलती, असे चौघं उतरले. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेले, खाली मान घालून बसले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, मामीनं चालायला सांगितलं तशी चार पावलं चालले. मुलानं एकच विचारलं, "वाचायला आवडतं का?" मी हो म्हटलं. तो गालात हसला. खोटं कशाला बोलू? तो मला फार आवडला.

आमच्याकडं पसंती तोंडानं सांगत नसत. चहापोहे कुणीही खातं. पण मुलीच्या घरी गोडाचं जेवायला पाहुणे थांबले, म्हणजे ठरलं. थांबले नाहीत, तर "कळवतो" म्हणून जात आणि कधी कळवत नसत. त्यामुळं आत पुरण तयार होतं, आणि बाहेर सगळे त्या एका वाक्याची वाट बघत होते.

साडेअकराच्या सुमाराला मी रिकामं ताट घेऊन आत आले. वहिनी पुरण वाटत होती. वरवंटा पुढं जायचा आणि मधेच थांबायचा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या.

"वैनी, झोप लागली का काय?"

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई, वन्सं. डोळ्यावं झापड येतीया नुसती."

समोरच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. लिंबाच्या सावलीत जीप उभी होती आणि पोरं तिच्या टपावर हात फिरवत होती. तेव्हा आम्ही दोघी आणखी थोडं बोललो. ते बोलणं मी कुणाला सांगितलं नाही, आणि आत्ताही जीभ लगेच उचलत नाही. मग मी बाहेर गेले.

बाराला मामा म्हणाले, "आता एवढं उन्हाचं कुठं जायचं? जेवूनच निघू म्हणतो."

आबांनी डोळे पुसले. आत्यानं तिथूनच देवाला हात जोडले. दादा पाटपाणी करायला धावला. मी आत गेले तर वहिनी तव्यापुढं बसली होती. पोळी लाटताना तिच्या हातातून लाटणं दोनदा निसटलं. मी म्हटलं, मी लाटते, तर म्हणाली, "नवरीनं चुलीम्होरं बसू नये आजच्या दिशी, काळवंडशीला." तिचा आवाज नाकातून येत होता, सर्दी झाल्यासारखा. वाढायलाही तीच गेली. म्हाताऱ्या चुलतीनं बाहेर विचारलेलं मी आतून ऐकलं, "सूनबाईला बरं न्हाई व्हय?" आणि आत्यानं अभिमानानं सांगितलं, "रातीपास्नं राबतीया, दुसरं काय न्हाई."

पंगत उठली, पान झालं, सुपारी झाली, मामींनी माझ्या ओटीत नारळ घातला. हे सगळं होईपर्यंत तीन वाजले. जीप फुफाटा उडवत गेली, पोरं वेशीपर्यंत तिच्यामागं गेली, आणि आम्ही सगळे अंगणात उभं राहून तो फुफाटा खाली बसताना बघत राहिलो. आबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मग मी आत पळाले.

वहिनी जात्याशेजारी कुशीवर पडली होती. डोळे उघडत नव्हते. मी पापणी बोटानं वर केली तर बुबुळ माझ्याकडं वळलं. तिला सगळं कळत होतं. तोंडातून लाळ गळत होती, ती तिला गिळता येत नव्हती. मी ओरडले.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. दादानं बैल जुंपले. फाट्यापर्यंत गाडीनं पाऊण तास, तिथं एसटीची वाट बघण्यात अर्धा तास. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या छातीवर हात ठेवून बसली होती. छातीवरचा हात हलायचा थांबला ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं, पण तिनं तो काढला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, "मण्यार. ती चावते ते कळतही नाही. कधी चावली?"

"सकाळी सातला," दादा म्हणाला.

"सातला? मग इतका वेळ काय करत होता?"

"पाला कडू लागला व्हता, सायेब," आत्या म्हणाली.

डॉक्टर तरुण होते. आधी चिडले, मग आत्याचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "आजी, पाल्यावरून काही कळत नाही. कडू लागो नाहीतर गोड लागो. चावलं की आणायचं."

आत्यानं त्यांचं ऐकलं की नाही कोण जाणे. घरी आणल्यावर वहिनीला आंघोळ घालताना तिच्या पदराची गाठ आत्याच्याच हाताला लागली. आत खडीसाखरेचा तो खडा होता, तसाच. आत्या तो हातात घेऊन किती वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शेवंते, एवढं कडू खाल्लं आन साखर तोंडात टाकली न्हाई तिनं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं केला.

"तुला काय बोलली व्हती का गं ती?"

"न्हाई, आत्या," मी म्हटलं.

पाहुण्यांकडं निरोप गेला तो असा की तुम्ही गेल्यावर, संध्याकाळी सून शेणी काढायला गेली आणि घात झाला. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. बहुतेक आबांनी. दादानं मान खाली घातली आणि विरोध केला नाही. ते लोक चांगले होते, मातीला आले. मामी मला जवळ घेऊन रडल्या. "पोरी, ह्यात तुझा काय दोष?" म्हणाल्या. वर्ष पाळून आमचं लग्न झालं.

आत्यानं पुन्हा कुणाला काढा दिला नाही. बायका लेकरं घेऊन आल्या की दारातूनच म्हणायची, "माझा पाला खोटा ठरला बायांनो. डाक्टरकडं जावा." मात्र स्वतः रोज सकाळी परड्यात जाऊन लिंबाचं एक पान तोडून चावायची, आणि मी माहेरी गेले की मलाही एक द्यायची. "बघ गं, कडू हाय न्हवं? हाय न्हवं कडू?" मी म्हणायची, हाय की. "मग त्या दिवशी कसं काय फसलं?" असं विचारत ती आणखी अकरा वर्षं जगली. डॉक्टर काहीही म्हणोत, तिच्या लेखी जगात एकच पारख होती आणि तिनं ऐन वेळी दगा दिला होता. दगा पाल्यानं दिला नव्हता, हे तिला सांगू शकेल असं माणूस एकटी मी होते. तिच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर तिच्या उशाशी बसले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. नाही सांगितलं. ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली वाळलेला पाला निघाला.

हे सगळं आता का बाहेर काढलं, तर गेल्या महिन्यात आमच्या यांना ताप आला. चार दिवस डॉक्टरच्या गोळ्या चालल्या, ताप उतरला, पण अंगात कणकण राहिली. डॉक्टरना विचारून मी थोडा गुळवेलीचा काढा केला. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, यांना माझ्या हातचा काढा कधी चुकला नाही. आणि हे तोंड वाकडं करण्यात अगदी सगुणावहिनीच्या वळणावर गेलेले. डोळे मिटणार, मान खांद्यात घालणार, "मारून टाक एकदाचं," असं म्हणणार. मी दर वेळी ते तोंड नीट निरखून बघते आणि मगच पेला परत घेते. ते म्हणतात, तुला माझा छळ बघायला मजा वाटते. वाटू दे त्यांना तसं.

त्या दिवशी त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी प्यावं तसे अर्ध्याच्या वर पिऊन गेले. चेहरा तसाच.

मी खडीसाखरेची वाटी बाजूला ठेवली. "कडू लागलं का?"

"अं?"

"कडू लागतंय का? खरं सांगा!"

"काही चवच नाही गं तोंडाला. तापाची तोंडं अशीच असतात. तू का रडतेस?"

मी त्यांच्या उशाशी बसले. आणि अठ्ठेचाळीस वर्षं गिळून ठेवलेलं सगळं यांना सांगितलं. वहिनीला चावलं ते तुम्ही गेल्यावर नाही, तुम्ही यायच्या आधी तीन तास. आणि साडेअकराला, तुम्ही बाहेर मामांशी बोलत होता तेव्हा, मी आत तिला विचारलं होतं. मला सकाळपासून खटकत होतं. मी विचारलं, "वैनी, सकाळी तोंड कसं न्हाई वाकडं केलंस? खरंच कडू लागलं का?"

तिनं वरवंटा थांबवला. दाराकडं बघितलं. म्हणाली, "खरं सांगू का वन्सं? कायबी लागलं न्हाई. कागुद चावल्यावानी. साखरबी तसलीच लागंल म्हनून खाल्ली न्हाई."

मी म्हटलं, "आत्याला सांगू?"

"आता नगं. पाव्हणं जाऊंद्यात. जेवाया थांबलं तर तुमचं कल्याण हुईल."

मी खिडकीतून बघितलं. जीप उभी होती. जीपला टेकून तुम्ही उभे होतात. आणि मी म्हटलं, "बरं."

एवढंच बोलणं झालं होतं. ती पाल्याला मानणाऱ्या घरची होती आणि मीही. डॉक्टरांना पाल्यावरून काही कळत नसेल. आम्हा दोघींना कळलं होतं. त्या घरात त्या वेळी, विष भिनलंय हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एकीनं माझ्यासाठी पोळ्या लाटल्या आणि दुसरी बरं म्हणाली.

हे पेल्यातला उरलेला काढा बघत बसले.

"मला ती आठवते," शेवटी म्हणाले. "पोळीवर तूप वाढताना तिचा हात कापत होता. तूप ताटाबाहेर सांडलं. मला वाटलं, लाजतेय." मग म्हणाले, "जीपची किल्ली माझ्या खिशात होती गं, शेवंता. जेवताना टोचत होती म्हणून मी ती काढून ताटाशेजारी ठेवली होती."

त्यांनी उरलेला काढा संपवला. मी खडीसाखरेची वाटी पुढं केली. त्यांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खडा न घेता भिंतीकडं तोंड करून झोपले.